पाऊस आला की थांबणारी घरघर: अमळनेरच्या एका स्पीकर संचाचे प्रकरण

धुळ्यात माझे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात अमळनेरच्या मामांकडचा संगणकाचा स्पीकर संच माझ्याकडे दुरुस्तीला आला, मी तो दुरुस्त केला, दुकानात दोन तास वाजवून पाहिला आणि निर्धास्तपणे परत पाठवला. चौथ्या दिवशी मामांचा फोन आला की घरघर होती त्यापेक्षा वाढली आहे. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण त्यातली पहिली चूक माझी स्वतःची आहे आणि आमच्या धंद्यात ती रोज होते.

मामांचे घर अमळनेरला बोरी नदीपासून थोड्या अंतरावर, पूर्वी शेत असलेल्या जागी पडलेल्या प्लॉटवर आहे. जमीन काळी आणि खोल. हॉलमधल्या शोकेसवर टीव्ही, केबलचा सेट टॉप बॉक्स, सुटे भाग जोडून घेतलेला डेस्कटॉप संगणक आणि २.१ प्रकारचा स्पीकर संच, म्हणजे एक वूफर व दोन लहान स्पीकर, अशी मांडणी आहे. ट्रान्सफॉर्मर आणि अ‍ॅम्प्लिफायर वूफरच्या पेटीतच आहेत. पेटीला मागे दोन इनपुट असून एकात संगणकाकडून येणारी ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्यात सेट टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या वायरी असतात. मामांना संगणकावरची नाट्यगीते आणि टीव्हीवरची कीर्तने या दोन्ही गोष्टी वूफरवरच ऐकायच्या असल्यामुळे दोन्ही जोडण्या बारा महिने तशाच राहतात. हा तपशील मी पहिल्या वेळी विचारलाच नव्हता.

स्वयंपाकघरात आणखी एक संच आहे. मामेभावाने २०११ साली पुण्यात घेतलेला हा डॉक, म्हणजे वर आयपॉड किंवा आयफोन उभा करण्याची खाच असलेला एकसंध स्पीकर. अ‍ॅपलने २००३ मध्ये आणलेली ३० पिनांची पट्टी २०१२ मध्ये बदलली आणि पुढचा कोणताच फोन त्या खाचेत बसेना. मामेभावाचा जुना फोन केव्हाच मोडीत निघाला. खाचेत आता मामी उदबत्तीचा पुडा उभा ठेवतात आणि डॉकच्या मागच्या ऑक्स छिद्रात वायर घालून मोबाईलवरची गाणी ऐकतात. तोही संच गेले वर्षभर आवाज वाढवला की बंद पडून पुन्हा सुरू होत असे. पुढे या डॉकने फार मोलाची साक्ष दिली, म्हणून त्याचा उल्लेख आधीच करून ठेवतो.

वूफर दुकानात आला तेव्हा मूळ तक्रारी तीन होत्या. डावा स्पीकर मधूनच बंद पडतो, वूफरचा बेस दबला आहे, आणि मागे सतत घुंऽऽ असा आवाज येत राहतो. डाव्या स्पीकरचे निदान पाच मिनिटांत झाले. मल्टिमीटरवर दोन्ही लहान स्पीकरच्या कॉइली ३.४ आणि ३.५ ओहम दाखवत होत्या, आणि ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच अपेक्षित असते, त्यामुळे कॉइल जळालेली नव्हती. ३.५ मिलिमीटरच्या पिनेत टोक डाव्या बाजूचे, मधले कडे उजव्या बाजूचे आणि मुळाचा भाग सामाईक अर्थचा, म्हणजे ग्राउंडचा, असतो. पिनेच्या मुळाशी वायर वाकवली की डावी बाजू येत-जात होती. वायर चार बोटे कापून नवी पिन सोल्डर केली.

बेस दबण्याचे कारण मात्र माझ्या दुरुस्तीच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हते. वूफरच्या पेटीला समोर किंवा बाजूला हवेसाठी एक गोल नळी असते. स्पीकरच्या पडद्यामागची हवा त्या नळीतून ठरावीक लयीत आत-बाहेर होते आणि खालचे सूर भरदार होतात. मी टॉर्च लावून आत पाहिले, तर नळीच्या मध्यावर कुंभारीण माशीने मातीचे घर बांधून तीन-चतुर्थांश तोंड लिंपून टाकले होते. पाच कप्पे एकाला एक चिकटलेले, बाहेरून बोटांच्या ठशांसारख्या वळ्या, आणि दोन कप्प्यांत वाळलेल्या अळ्या. पेचकसाने ते घर सोडवताना माती इतकी घट्ट होती की एक पापुद्रा नळीच्या रंगासकट निघाला. बेस लगेच मोकळा झाला.

मग घरघरीकडे वळलो. येथे एक परीक्षा अशी आहे की जिला कोणतेही यंत्र लागत नाही. आवाजाची खुंटी शून्यावर आणायची. खुंटी शून्यावर असूनही घरघर तेवढीच राहिली, तर ती खुंटीच्या पुढे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात तयार होते. खुंटीबरोबर वाढत-घटत असेल, तर ती खुंटीच्या आधी, म्हणजे इनपुटमधून आत येते. दुकानात इनपुट मोकळे ठेवून खुंटी शून्यावर नेली तरी घरघर ऐकू येत होती. मोबाईलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये तिचा उंचवटा १०० हर्ट्झवर दिसला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चार डायोडच्या रेक्टिफायरमधून गेल्यावर तिचे चढउतार सेकंदाला १०० होतात, आणि ते चढउतार भरून काढण्याचे काम मोठ्या कपॅसिटरचे, आमच्या बोलीत कंडेन्सरचे, असते. पेटी उघडली तर ३३०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या दोन कंडेन्सरपैकी एकाचे डोके फुगलेले होते. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा असल्याने प्रत्येक बाजूला शिखर व्होल्टेज साधारण १७ होते, म्हणजे व्होल्टच्या हिशेबाने कंडेन्सर पुरेसा होता; त्याला मारले ते उष्णतेने. त्यावर ८५ अंशांचा शिक्का होता. अशा कंडेन्सरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे, आणि मे महिन्यात ज्या घरात दुपारी पंख्याचे वारेही गरम लागते, तिथे बंद शोकेसमध्ये ट्रान्सफॉर्मरशेजारी बसलेल्या कंडेन्सरने किती वर्षे काढावीत? दोन्ही बदलून ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंशांचे बसवले. खुंटी शून्यावर असताना आता काहीच ऐकू येईना. आवाज मोठा करणाऱ्या तिन्ही टीडीए २०३० आयसींच्या आउटपुटवर डीसी मोजला, तो काही मिलिव्होल्ट होता, म्हणजे आयसी धड होत्या. माझा मोबाईल लावून गाणी वाजवली, बिल केले नाही, संच एसटीने पाठवून दिला.

माझी चूक याच ओळीत आहे. मी इनपुटला जोडला तो बॅटरीवर चालणारा मोबाईल. मोबाईलला ना थ्री पिन, ना अर्थ, ना केबल. बाहेरून येणारी घरघर त्याच्याबरोबर येणेच शक्य नव्हते. फुगलेला कंडेन्सर समोर दिसल्याबरोबर दोष सापडला असे मी मानले आणि घरघरीला एकाहून जास्त उगम असू शकतील ही शंका घेतली नाही. शिवाय कुंभारणीचे घर काढून मी बेस मोकळा केला होता, त्यामुळे मामांच्या घरी संच पुन्हा जोडल्यावर उरलेली घरघर त्या मोकळ्या नळीतून आणखी ठसठशीत येऊ लागली. मामांची तक्रार अक्षरशः खरी होती.

पुढच्या रविवारी मी स्वतः अमळनेरला गेलो. मेचा शेवटचा आठवडा होता आणि हॉलच्या खिडकीत लोखंडी कूलर सकाळपासून चालू होता. खुंटी शून्यावर आणली तर घरघर बंद. वाढवली की वाढे. म्हणजे आता ती इनपुटमधून येत होती. संगणक बंद केला तरी ती गेली नाही. संगणकाची पिन वूफरमधून उपसली तेव्हा गेली. पिन पुन्हा घालून संगणकाचा थ्री पिन प्लग भिंतीच्या बोर्डातून काढला तेव्हाही गेली. बंद असलेला संगणक केवळ प्लगमध्ये राहिल्याने आवाज करत असेल, तर त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला दोष देता येत नाही. प्लगमधून त्याच्या पत्र्यापर्यंत कायम पोहोचलेली एकच गोष्ट असते, ती अर्थची वायर.

या टप्प्यावर मला दुसरा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता, आणि घरात होता तो आजारी डॉक. त्याच्या १५ व्होल्टच्या अडॅप्टरचा मोकळा असतानाचा आकडा १५.१ होता, पण गाणे मोठे केले की तो ९ च्या खाली कोसळे आणि डॉक बंद पडून पुन्हा सुरू होई. बहुतेक जण अडॅप्टर मोकळा मोजतात आणि तो चांगला आहे असे सांगतात. भार टाकून मोजल्याशिवाय त्याची परीक्षा होत नाही. माझ्या पिशवीतला त्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा अडॅप्टर लावताच डॉक ठणठणीत झाला. मग संगणकाची पिन वूफरऐवजी डॉकला जोडली. घरघर नाही. सेट टॉप बॉक्सची वायर डॉकला जोडली. घरघर नाही. संगणक आणि सेट टॉप बॉक्स दोन्ही एकाच वेळी वूफरला जोडले, की घरघर. एकेकटे दोघेही निर्दोष आणि एकत्र आले की भांडण, असा हा प्रकार होता. इंग्रजीत याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन उपकरणांचे अर्थ दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला पोहोचत असतील आणि ध्वनीच्या वायरीवरची धातूची जाळी त्यांना मध्येच जोडत असेल, तर दोन अर्थांमधला फरक त्या जाळीतून वाहू लागतो.

मी हे मामांना समजावून सांगत होतो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पाऊस उना का हाऊ आवाज आपोआप बंद व्हई जास." दोन वर्षे ते हे पाहत होते. मला सांगितले नाही, कारण मी विचारले नाही, आणि पावसाचा व स्पीकरचा संबंध असेल हे सांगायला त्यांना संकोच वाटला. मला मात्र ते वाक्य ऐकून मल्टिमीटर पुन्हा पिशवीबाहेर काढावा लागला.

बोर्डातल्या न्यूट्रल आणि अर्थ या दोन छिद्रांमध्ये एसी व्होल्टेज मोजले. सगळे जोडलेले असताना ते ६ व्होल्ट होते. चांगल्या घरात ते एक-दोन व्होल्ट असावे, पण ६ म्हणजे गजब नव्हे. मग लूप तोडण्यासाठी सेट टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची जाड काळी वायर फिरवून काढली. घरघर तत्काळ थांबली; आणि मल्टिमीटरवरचा आकडा ६ वरून ३८ वर गेला. मी वायर पुन्हा लावली, आकडा ६. काढली, ३८. सात-आठ वेळा केले, मामा आकडे मोठ्याने वाचत होते.

डिजिटल मल्टिमीटर कधीकधी भासमान व्होल्टेज दाखवतो, कारण त्याचा अंतर्गत रोध १० मेगाओहमच्या घरात असतो आणि अधांतरी लटकलेल्या वायरीवरही तो काहीतरी आकडा उचलतो. म्हणून न्यूट्रल व अर्थच्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर धरून पुन्हा मोजले. भास असता तर आकडा शून्याकडे गेला असता. तो २२ वर थांबला. म्हणजे अर्थच्या वायरीतून खरोखर प्रवाह येत होता, त्याला जमिनीत उतरायला वाट मिळत नव्हती, आणि म्हणून तो संगणकाच्या पत्र्यातून, ३.५ मिलिमीटरच्या पिनेतून, वूफरच्या पेटीतून, सेट टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या वायरीतून केबलवाल्याच्या वायरीच्या जाळीवर चढून कुठल्यातरी खांबावरच्या अर्थमध्ये उतरत होता. मामांच्या घराचे अर्थिंग गेली दोन वर्षे स्पीकरची वायर सांभाळत होती.

हिशेबही जमतो. वाटेतल्या जाळीचा आणि कळकट जोडांचा मिळून रोध मी १.४ ओहम मोजला. त्यातून चार मिलिअँपिअर जरी वाहिले, तरी तिथे साडेपाच मिलिव्होल्टची घरघर तयार होते. संगणकाकडून येणारे गाणे साधारण ३०० मिलिव्होल्टचे धरले, तर घरघर गाण्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी झाली, आणि गाण्यातल्या दोन ओळींमधल्या शांततेत ती कानाला स्पष्ट टोचते.

हा प्रवाह येत कुठून होता? फ्रिज काढला, आकड्यात फरक नाही. वॉशिंग मशीन काढले, नाही. कूलरचा प्लग काढला आणि ३८ चे ५ झाले. कूलरमध्ये दोन मोटरी असतात, पंख्याची आणि पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या छोट्या पंपाची. पंपाची वायर वेगळी करून फक्त पंखा चालवला, ५. फक्त पंप चालवला, ३८. पंप उपसून पाहिला तर त्याच्या वायरीचा प्लास्टिकचा गळा उकललेला होता आणि आत क्षारांचा पांढरा थर जमला होता. कूलरच्या अर्थच्या वायरीत मल्टिमीटर मालिकेत जोडून गळती मोजली, ती ४.६ मिलिअँपिअर भरली. हे शेवटचे मोजमाप घरी करू नये. त्या वेळी कूलरचा पत्रा केवळ मीटरच्या फ्यूजवर अवलंबून असतो.

मी मामींना विचारले की कूलरला कधी झिणझिण्या येतात का. येतात, पण रोज नाही, म्हणून त्या चप्पल घालूनच पाणी भरतात, असे त्यांनी अगदी सहज सांगितले. कधी येतात, यावर त्या थोडा विचार करून म्हणाल्या की वळवाचा पाऊस येणार असला की. हे ऐकून क्षणभर मला काही सुचेना. मग उलगडा झाला: वीज कडाडू लागली की मामा टीव्ही जळू नये म्हणून केबलची काळी वायर काढून ठेवतात. वायर काढली की घरघर थांबते, आणि त्याच क्षणी कूलरचा पत्रा ६ वरून ३८ व्होल्टवर चढतो.

तर "पाऊस आला की आवाज बंद होतो" या एका निरीक्षणाला तीन कारणे एकदम लागू पडत होती. वळवाच्या पावसात मामा केबल काढतात. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की कूलर बंद होतो. आणि तिसरे, पावसाने जमीन ओली होते. पहिली दोन सिद्ध झाली होती. तिसरे पाहणे बाकी होते, आणि ते सर्वांत महत्त्वाचे होते, कारण साडेचार मिलिअँपिअरची गळती धड अर्थिंग असलेल्या घरात कोणाच्या लक्षातही आली नसती. चांगल्या अर्थिंगचा रोध काही ओहमच असावा, साधारण पाचच्या आत, असे वायरमन मानतात. येथे ३८ व्होल्ट भागिले ४.६ मिलिअँपिअर, म्हणजे आठ हजार ओहमच्या वर भरत होता.

अर्थिंगचा खड्डा घराच्या मागे, तुळशीच्या पलीकडे होता. सिमेंटचे झाकण उचलले. आत काळ्या मातीला भेगा पडल्या होत्या, एका भेगेत माझी चार बोटे सहज गेली, आणि पाइपाभोवतीची माती पाइप सोडून चहूबाजूंनी मागे सरकली होती. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते हे खान्देशातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, पण घराच्या अर्थिंगच्या बाबतीत त्याची आठवण कोणाला होत नाही. मी सेट टॉप बॉक्सला केबल न जोडता मल्टिमीटर बोर्डात अडकवून मामींना तो पाहायला बसवले, कूलरचा पंप मुद्दाम चालू ठेवला, आणि मामा व मी खड्ड्यात बादल्या ओतू लागलो. पहिल्या तीन बादल्या भेगांनी गटकल्या, आकडा ढळला नाही. पाचव्या बादलीला मामींनी आतून ३१ सांगितले. आठवीला १९. मग आम्ही थांबलो, माती पाणी पीत राहिली, आणि पाऊण तासाने आकडा ४ वर आला.

येथे थांबलो असतो तर दर आठवड्याला पाणी घालत बसावे लागले असते. पण नुसती माती वाळल्याने रोध आठ हजारांवर जाणे मला पटत नव्हते, म्हणून मामांच्या ओळखीच्या वायरमनला बोलावून पाइपाचे डोके मोकळे करवले. घरातून आलेली जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, वायर पाइपाच्या नट-बोल्टपाशी गंजून पूर्ण तुटलेली होती. तिचे टोक पाइपापासून वीतभर अंतरावर नुसते मातीत लोळत होते. पावसाळ्यात ओली माती त्या टोकाला धरून ठेवी आणि काम भागत असे. उन्हाळ्यात माती मागे सरके आणि टोक भेगेत लटकत राही.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. वायरीच्या जागी जीआय पट्टी आणि नवा क्लॅम्प, खड्ड्यात मीठ-कोळशाचा नवा भराव, कूलरला नवा पंप. घरात आरसीसीबी, म्हणजे गळती वाढली की आपोआप पडून वीज तोडणारी खटकी, नव्हती. ३० मिलिअँपिअरची बसवून घेतली. ती साडेचार मिलिअँपिअरला पडली नसती हे खरे, पण अशी गळती एका आकड्यावर थांबून राहत नाही. आरसीसीबी बसवल्यावर ती दर थोड्या वेळाने विनाकारण पडू लागली. इन्व्हर्टर लावताना कोणीतरी दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र करून ठेवले होते आणि ते सोडवण्यात वायरमनचा अर्धा दिवस गेला.

दोन सोपे उपाय मी केले नाहीत, त्यांविषयी लिहिले पाहिजे. पिशवीत माझ्याकडे ध्वनीच्या वायरीत घालायचा आयसोलेटर होता. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ध्वनी पलीकडे जातो आणि अर्थची जोडणी तुटते. स्वस्त आयसोलेटर खालचा बेस थोडा खातो, पण घरघर हमखास घालवतो. दुसरा उपाय त्याहून सोपा आणि मामांना गावातल्या एका मेकॅनिकने आधीच सुचवलेला: संगणकाच्या प्लगची तिसरी, जाड पिन तोडून टाकणे. घरघर त्यानेही जाते. मात्र संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो, त्यामुळे अर्थ तुटलेला पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे २३० च्या निम्मे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो आणि हात लावला की मुंग्या येतात. पुढे आत खरा शॉर्ट झाला तर फ्यूज उडवायला वाटच उरत नाही. या घरात तर यांपैकी कोणताही उपाय केला असता तरी एकच गोष्ट घडली असती: कूलरची गळती केबलकडे जाण्याची वाट बंद झाली असती, पत्रा उन्हाळाभर ३८ व्होल्टवर राहिला असता, आणि ते सांगणारी घरघर गेली असती. सुट्टीत मामांची नातवंडे येतात आणि दुपारभर कूलरसमोर ओल्या पायांनी खेळतात.

अर्थिंग झाल्यावर सगळे पुन्हा पूर्वीसारखे जोडले. न्यूट्रल आणि अर्थमध्ये १.६ व्होल्ट आले. एवढे न्यूट्रलच्या वायरीवरच्या भाराने येतातच. खुंटी पूर्ण फिरवून कान वूफरला लावला तर अतिशय मंद गुणगुण येत होती, हात-दोन हात लांब गेल्यावर तीही नाही. आयसोलेटर पिशवीतच राहिला.

डॉकला नवा अडॅप्टर मिळाला आणि मामेभावाने पुण्याहून एक ब्लूटूथ रिसीव्हर पाठवला. तो मामांनी संगणकाच्या यूएसबीवर लावून वूफरला जोडला, तेव्हा माउस हलवला की बारीक चिरचिर ऐकू येऊ लागली. यूएसबीची अर्थ आणि ध्वनीची अर्थ पुन्हा एकाच संगणकातून दोन वाटांनी वूफरला जात होत्या. या वेळी निदान फोनवर झाले: रिसीव्हर संगणकावरून काढून मोबाईलच्या टू पिन चार्जरवर लावा, एवढेच सांगितले.

मामा हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले आहेत. मी त्यांना एक साधा मल्टिमीटर देऊन आलो, तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला न्यूट्रल-अर्थचा आकडा ते डायरीत लिहितात आणि खड्ड्यात दोन बादल्या ओततात. जुलैत ०.९, ऑक्टोबरमध्ये १.१, जानेवारीत १.३, यंदाच्या एप्रिलमध्ये १.८. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, मला वाटले आकडा दोनच्या वर गेला. तसे काही नव्हते. वूफरचा बेस पुन्हा दबला आहे, टॉर्च लावून पाहिले तर कुंभारणीने नळीत तीन कप्पे बांधले आहेत, आणि पिल्ले उडून जाईपर्यंत ते काढणार नाहीत, असे कळवण्यासाठी त्यांनी फोन केला होता.